धुऊन परत आलेला डबा

फोन पालघरहून होता आणि लाइन खराब होती. कंपाउंडर गणपत ओरडून बोलत होता, तरी ‘डॉक्टर’ आणि ‘सकाळी’ एवढे दोनच शब्द नीट ऐकू आले. बाकीचं कळायला तेवढे पुरले. डॉ. आठल्ये दवाखाना उघडायला निघाले, जिन्यात बसले आणि उठले नाहीत. वर्तमानपत्रात अशा बातमीचा मजकूर ठरलेला असतो : जन्म, शिक्षण, रुग्णसेवा, पश्चात कोण. तो दुसऱ्या दिवशी छापून आला. त्यांच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याबद्दल त्यात काही नव्हतं, आणि त्या डब्याशिवाय डॉक्टरांबद्दल लिहिलेलं अपुरं आहे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या भागाचा वार्ताहर म्हणून मी पालघरला राहत होतो. खोली दवाखान्याच्या वर होती. खाली एक टेबल, औषधांची मांडणी, पडद्यामागे दोन खाटा. डॉक्टर साताऱ्याकडचे, शाकाहारी. सातपाटीच्या कोळणी माशांच्या पाट्या विकून झाल्या की परतीच्या एसटीआधी दवाखान्यात डोकावत आणि डॉक्टरांचा हात खिशातल्या रुमालाकडे जाई. “डाक्टर, बोंबलाचा वास आला का रुमाल काडता, मंग आमची नाडी कशी बगता?” असं त्या तोंडावर विचारत. “नाडीला वास नसतो, बाई,” असं उत्तर मिळे आणि सगळा दवाखाना हसे. विचारणारी बहुतेक वेळा जानूबाई असे. उंच, आवाज खणखणीत. सकाळी तिची हाळी दवाखान्यासमोरच्या माहीम रस्त्यावर ऐकू आली की वेळ काय झाली ते कळायचं.

जानूबाईला मुलगी झाली, कुंदा. अंगावरचं दूध पुरेना म्हणून घरी मधूनमधून वरचं दूध पाजत. काही दिवसांत पोरीच्या गालांवर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी पाहिलं आणि संशय माशांवर घेतला. आई रोज मासे खाते, ते दुधातून पोरीच्या अंगात उतरतात, असं त्यांचं अनुमान होतं. मासे बंद, आणि पोरीला दुधाच्या पावडरीचं दूध सुरू. पहिला डबा त्यांनी स्वतःच्या कपाटातून दिला. त्या काळात दुधावर संशय घेण्याचं कुणाच्या मनात येत नसे. आजाऱ्याला, बाळंतिणीला, तान्ह्या पोराला, सगळ्यांना दूधच सांगायचे. कुंदाला उलट्या सुरू झाल्या, शौचातून रक्त पडू लागलं. अतिसार म्हणून तिला पडद्यामागच्या खाटेवर ठेवलं, सलाईन लावलं, तोंडानं फक्त तांदळाची पेज. पोर सुधारली, हसायला लागली. डॉक्टरांनी दूध पुन्हा सुरू करायला सांगून तिला घरी पाठवलं... घरी पाजलेल्या पहिल्याच दुधानंतर तिचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. एसटी पालघरला पोहोचेपर्यंत ती गेली होती.

काही दिवसांनी जानूबाई दवाखान्यात आली. हातात दुधाचा डबा होता, घासून, धुऊन, उन्हात वाळवून आणलेला. “तुमचा डबा,” ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, “डाक्टर, आदल्या दिवशी मी चोरून येक सुका बोंबील खाल्ला व्हता.” डॉक्टर म्हणाले, “सांगितलं होतं ना मी.” जानूबाईनं मान हलवली आणि ती निघून गेली. डॉक्टरांनी डबा मांडणीवर ठेवला आणि पुढचा रुग्ण आत बोलावला. मी त्या वेळी बाकावर बसलो होतो.

पुढे बोईसरला कारखाने वाढले. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस तिथल्या एका लहान रुग्णालयात बसू लागले. ऐंशीच्या दशकात तिथे एका कामगाराचं मूल आलं. माणसं सांगलीकडची, माळकरी. घरात माशाचा काटाही कधी आलेला नाही. गालांवर तसेच चट्टे, तशाच उलट्या, शौचात तसंच रक्त. सलाईनवर आणि पेजेवर मूल सुधारलं, दूध सुरू होताच पुन्हा आजारी पडलं. डॉक्टरांनी या वेळी दूध बंद केलं आणि मूल पूर्ण बरं होईपर्यंत थांबले. मग इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं आणि बाळाच्या ओठाला दुधाचा एक थेंब लावला. बघता बघता ओठ फुगला. इंजेक्शन दिल्यावर सूज उतरली, मूल रडायचं थांबलं. आई डॉक्टरांच्या पाया पडली. डॉक्टर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. संध्याकाळी माझ्या खोलीवर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “कुंदाचंही हेच होतं. दोनदा डोळ्यांसमोर घडलं आणि मी माशांकडे बघत बसलो.”

त्या रुग्णालयात प्रत्येक आजाराला एक सांकेतिक क्रमांक देऊन नोंद करत. कारकुनानं त्या मुलाचे कागद परत आणले. अतिसाराला क्रमांक होता, अन्नामुळे उठणाऱ्या पुरळाला होता. नेमकं कोणतं अन्न, याला जागा नव्हती. “साहेब, दुधाला नंबर नाय. अतिसार टाकू?” “अतिसार नाही. शब्दात लिहा, दूध.” “शब्द कोन वाचनार, साहेब? वर फक्त नंबर जातात.” डॉक्टरांनी प्रत्येक अशा कागदावर स्वतःच्या हातानं तो शब्द लिहायला सुरुवात केली. कुंदाच्या मृत्यूची नोंद बदलता येईल का, हेही त्यांनी एकदा त्या कारकुनाला विचारलं. तो माणूस वाईट नव्हता. जरा थांबून म्हणाला, “गेलेल्या पोरीला आता नवा नंबर देऊन काय होनार, साहेब?”

डॉक्टरांना नोंदीपेक्षा जानूबाई छळत होती. ती अजून मासे विकत होती, पण कुंदा गेली त्या दिवसापासून तिनं मासा तोंडाला लावला नव्हता. हे पालघरच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. तिची हाळी खिडकीखालून गेली की लिहिता लिहिता डॉक्टरांचा हात थांबे आणि आवाज रस्त्याच्या टोकाला विरेपर्यंत तसाच राही. तिला सांगायचं, असं त्यांनी अनेकदा ठरवलं. दोनदा सातपाटीच्या वेशीवरून स्कूटर परत फिरवली. शेवटी एका दुपारी मला सोबत नेलं.

जानूबाई अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. “या, या. आज रुमाल नाय काडला?” डॉक्टर उभ्यानंच बोलले. कुंदा माशानं गेली नाही, दुधानं गेली. काही मुलांच्या शरीराला दूध सोसत नाही. ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. मासे बंद कर म्हणालो, दूध दे म्हणालो, दोन्ही चूक. जानूबाईच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

“म्हंजे त्या बोंबलानं काय नाय केलं?”

“नाही.”

“लोक हसतात मला. सातपाटीची हाय आन डाळभात खाते म्हनून.” तिनं हातातला बोंबील बांबूवर टाकला. “मंग ते दूध तर मीच पाजलं. नको नको करत व्हती, तोंड फिरवत व्हती. मी धरून पाजलं. तुमी सांगितलं व्हतं म्हनून.”

परतताना स्कूटर मी चालवली. माहीम रस्त्याला लागल्यावर मागून डॉक्टरांचा आवाज आला, “मला वाटलं होतं, तिचं ओझं उतरेल.”

त्यानंतर ती दवाखान्याच्या रस्त्यावरून यायची थांबली. बरेच महिने हाळी ऐकू आली नाही. मग एके दिवशी थोरल्या मुलाच्या मुलीला घेऊन आली. नातीच्या गालांवर चट्टे होते. जानूबाई बसली नाही. मांडणीकडे गेली, तो डबा उचलला आणि टेबलावर, डॉक्टरांच्या आणि स्वतःच्या मधे ठेवला. “आता इचारा,” म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं. गेल्या चार दिवसांत पोरीच्या तोंडात काय काय गेलं, सगळं. जानूबाईनं सांगितलं, सगळं. ते चट्टे घामाचे निघाले. डबा पुन्हा मांडणीवर गेला नाही.

शेवटपर्यंत डॉक्टर प्रत्येक तान्ह्या मुलाच्या आईशी डब्यावर हात ठेवून बोलत. “दूध दिलं का?” एवढ्यावर ते थांबत नसत, कारण आया प्रामाणिकपणे नाही म्हणत. “दूध नाय हो, पूजेचं तीर्थ दिलं पळीभर.” “तीर्थात काय काय असतं?” “दही, दूध, तूप... अगं बाई!” चहात बुडवलेलं बटर, देवळातला पेढा, आत्यानं बोटानं चाटवलेली खीर, हे कुणी दुधात धरत नाही. डॉक्टर ते एकेक काढून घेत. घाई करणाऱ्या गणपतला ते म्हणत, “थांब. एकदा घाई केली आहे.” अशी किती मुलं त्यांना सापडली, ते कुठे मोजलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. तिथे आता नवे डॉक्टर बसतात, तरुण आहेत. मांडणी रंगवून घेतली आहे. गणपतनं सांगितलं, जुनं सामान काढताना डबा टाकवेना, म्हणून तो सातपाटीला जानूबाईकडे घेऊन गेला. ती जेवत होती. अंगणात बोंबील वाळत होते, ताटात डाळभात होता. डबा बघून तिनं हात आखडला. “ह्यो कशाला आनला? मी धुऊन परत दिलाय त्यो.” गणपत म्हणाला, “आता डॉक्टर नाहीत, मावशी.” “डाक्टर नाय, माहीत हाय मला. पोरं यायची थांबली काय?”

गणपतनं डबा परत आणला आणि टेबलावर होता तिथेच ठेवला. मी बसलो होतो तेवढ्यात एक बाई तान्हं मूल घेऊन आली. नव्या डॉक्टरांनी नाव विचारलं, वय विचारलं, लिहून घेतलं. त्यांचा हात अजून डब्याकडे जात नाही. डबा मात्र दोघांच्या मधेच आहे.