तोंड बघून ताट

शासनाच्या कागदावर केसरबाई 'स्वयंपाकी तथा मदतनीस' आहेत. डी.एड. माझं झालंय. विशेष गरजा असलेल्या मुलांना कसं शिकवावं, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षणही माझंच झालंय. प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय. आणि आमच्या शाळेत अशी जी एकच मुलगी होती, तिला शिकवलं केसरबाईंनी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला लपवाछपवी करता येणार नाही.

आमची वस्ती धारूरकडच्या डोंगराला टेकलेली. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन: हेडमास्तर बद्रीनाथ सर आणि मी. केसरबाईंनी वीस वर्षं ऊस तोडला. मोळ्या वाहून कंबर गेली, तेव्हा कोयता ठेवला आणि शाळेच्या खिचडीला लागल्या. मंगल ही त्यांच्या शेजारच्या परमेश्वरची पोरगी. वय आता अकरा, समज तीन वर्षांच्या लेकराची, बोलणं चार शब्दांचं. दिवाळीनंतर आई-बाप तोडीला गेले की फडावर तिला दिवसभर गाडीच्या चाकाला बांधून ठेवायचे, नाहीतर ती पाय नेतील तिकडं चालत सुटायची. केसरबाईंनी हे डोळ्यांनी बघितलेलं. कोयता ठेवला त्या वर्षी त्या मंगलच्या आईला, सुरेखाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. साळंत नेते मी तिला."

बद्रीनाथ सरांनी आनंदानं नाव घातलं. पट वाढत असेल तर सरांचं मन फार मोठं होतं. मी तिला मागच्या भिंतीपाशी बसवलं. प्रगतिपुस्तकात नोंदी कराव्या लागतात, त्यांचं तयार पुस्तक बाजारात मिळतं. त्यातून मी दरवर्षी उतरवायचो: 'कविता तालासुरात म्हणते. संख्याज्ञान उत्तम.' वाईट लिहून लेकराला कशाला दुखवा, असा माझा दयाळू विचार.

केसरबाईंकडं असलं पुस्तक नव्हतं. त्यांनी मंगलला ताटं मांडायला घेतलं. पहिलं वर्ष ताटं नुसती आदळली. एकदा खिचडी माझ्या इस्त्रीच्या पँटवर आली. बाई चिडल्या नाहीत, मी चिडलो. "तोंड बघायचं, ताट ठिवायचं. तोंड न्हाई, ताट न्हाई," एवढा एकच धडा, रोज. दोन वर्षं लागली. मग मंगल कधी चुकली नाही. रांगेतल्या प्रत्येक पोरासमोर वाकून त्याचं तोंड न्याहाळायची आणि असं काही हसून ताट ठेवायची की पोरंही हसायची. तिच्याकडं बघून मला माझ्याच नोकरीची लाज वाटायची; ती घंटा होईपर्यंत टिकायची.

यंदा जानेवारीत तालुक्याहून साहेब आले. मंगलनं शाळेत यावं की तिला घरीच शिकवावं, हे त्यांनी ठरवायचं होतं. माझी नोंद वाचून ते खूश झाले आणि मंगलला म्हणाले, "पाच आणि तीन किती गं?" मंगलनं त्यांचा पेन घेऊन हुंगला.

केसरबाई चुलीपासून म्हणाल्या, "साहेब, तसं न्हाई इचारायचं. जेवायची घंटा हू द्या."

घंटा झाली. मंगलनं ताटं मांडली. एक तोंड, एक ताट. सोळा.

साहेबांनी हजेरीपट उघडला. त्यावर मंगल सोडून सत्तावीस पोरं हजर होती. अकरा पोरं आई-बापाबरोबर उसाला गेलेली, पण विसाच्या खाली आकडा गेला की दुसऱ्या शिक्षकाचं पद जातं. तो दुसरा शिक्षक मी. म्हणून ती अकराही रोज न चुकता शाळेत येत होती, माझ्या पेनानं.

"ताटं सोळा कशी?" साहेबांनी विचारलं. सोळा पोरं समोर मांडी घालून बसली होती, ती त्यांना दिसत होती.

"मतिमंद आहे हो साहेब, मोजता येत नाही तिला," बद्रीनाथ सर म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय गुरुजी?"

"नाही येत, साहेब," मी म्हणालो.

सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. शाळेचं हजेरीपत्रक चुकत नसतं, तेव्हा पोरगी चुकली. साहेबांनी लिहिलं: 'संख्याज्ञान नाही. गृहाधारित शिक्षण द्यावे.' नाव पटावर राहणार, पोरगी तेवढी येणार नाही.

केसरबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. "साहेब, घरी म्हंजी कोनच्या घरी? तिच्या घराला पाडव्यापातूर कुलूप हाय. मी दिसभर हितं."

"ती पालकांची अडचण झाली, बाई."

"मग मी आणते की संगट. बसंल चुलीपाशी."

"भाजली-बिजली तर जबाबदार कोण?" बद्रीनाथ सर म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. कागदाखाली वर्गशिक्षकाची सही लागते. ती मी केली.

चार दिवसांनी परमेश्वर कारखान्यावरून आला आणि मंगलला घेऊन गेला. केसरबाई जीपपर्यंत गेल्या. कसं भरवायचं, कधी फिरवून आणायचं, हे सांगत राहिल्या. परमेश्वर मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणत होता. दिवसभर फडात राबणाऱ्या माणसाला यातलं काय जमणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुलूप लावायला थांबलो. केसरबाई पातेलं घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिशी पोरं सोळाच व्हती न्हवं?"

"होय बाई, सोळाच होती," मी म्हणालो. तिथं आम्ही दोघंच होतो, म्हणून मला ते बोलता आलं.