अकरा नंबरचे बूट

मॅच झाली की सगळे बूट माझ्याकडे येतात. काडीनं तळव्यातली माती काढत बसलं की मातीसोबत एकेक किस्साही गळतो. विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचं सामान सांभाळता सांभाळता मी म्हातारा झालो. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण पोराचा पाय पाहिला की बुटाचा नंबर सांगतो. किस्से तर इतके साचले, की कपाटात बुटांना जागा नाही! मागच्या सीझनचे तेवढे सांगतो.

*

आमच्याकडे पोरं जास्त, बूट कमी. बाहेर येणारा पोरगा रेषेवरच बूट काढतो, आत जाणारा तेच घालतो. म्हणून खेळाडू बदलताना आमचे सर "फॉरवर्ड कोण आहे?" असं विचारतच नाहीत. "सात नंबर कोणाचा?" असं विचारतात.

एकदा फॉरवर्डचा पाय मुरगळला. बाकावर सात नंबरचा पाय एकच, तोही राखीव गोलकीपरचा! गेला बिचारा पुढे खेळायला. थोड्या वेळानं समोरच्या गोलपुढे बॉल उंच आला. यानं उडी मारली, दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी धरूनच खाली आला!

रेफ्रीची शिट्टी वाजली. सरांनी कपाळाला हात लावून म्हटलं, "कॅच तं मस्त होता बे!"

*

गजू उमरेडकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. अंगानं थोराड, लाथ अशी की बॉल या टोकावरून त्या टोकाला. पण पाय अकरा नंबर! एवढा बूट ना आमच्या कपाटात, ना टीममध्ये कोणाच्या पायात. आणि अनवाणी पोराला रेफ्री आत येऊ देत नाही. शेवटचं वर्ष त्याचं, आणि सीझनभर बाकावर बसून राहिला.

दर मॅचनंतर गावाहून आईचा फोन यायचा. "खेळला काय गा?"

"जिंकलो, आई," हा म्हणायचा. हरलो असलो तर, "मॅच मस्त झाली, आई."

खोटं कधी बोलला नाही. फक्त उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं द्यायचा.

*

मी त्याला घेऊन बर्डीवर, बाजारातल्या बुटांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी पाय पाहिला, मग तोंड पाहिलं.

"भाऊ, हे पाय आणले कुठून?"

"घरूनच घालून निघालो," गजू म्हणाला.

शेवटी आमचा कॅप्टन अस्लम, कामठीचा, त्यानं मोबाईलवरून बूट मागवले. डबा आला. अख्खी टीम भोवती गोळा झाली. उघडला, तर दोन्ही बूट डावे!

पोरांचे चेहरे उतरले. गजू एकटाच हसत होता. "काहून टेन्शन घेऊन राहिले बे? मी डाव्यानंच तं मारतो!"

परत पाठवले. बदलून काही सीझनभर आले नाहीत.

*

आमच्या खोलीत इंग्रजांच्या काळातल्या टीमचा फोटो आहे. शंभरेक वर्षं झाली असतील. हाताची घडी घालून रुबाबात बसलेत, आणि सगळे अनवाणी!

एक दिवस गजू त्या फोटोपुढे बराच वेळ उभा होता.

"काय पाहून राहिला गा?" मी विचारलं.

"काका, माही ॲडमिशन शंभर वर्षं लेट झाली."

*

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती. गजूची आई सकाळच्या बसनं आली. मी तिला बाकाजवळ खुर्ची दिली.

"आमचा गजू कधी जाते आत?"

"जाईल, माय." दुसरं काय सांगणार होतो?

समोरची टीम वऱ्हाडातली. त्यांनी दोन गोल चढवले. दहा मिनिटं राहिली, तेव्हा अस्लम स्वतःच रेषेवर आला. "सर, मले काढा, गजूले घाला."

"कशात घालू?" सर ओरडले. गजू नुसत्या मोज्यांवर उभा. आईकडे पाहायचं टाळत होता.

समोरच्यांचा बचावाला खेळणारा एक धिप्पाड बॅक पाय दुखावल्यामुळे केव्हाचा बाहेर बसला होता. हे सगळं त्यानं पाहिलं. लंगडत आमच्या बाकापर्यंत आला आणि हातातले बूट गजूपुढे ठेवले.

"अकराचेच आहेत. पाय घालून पाहा."

गजू आत गेला. पहिला बॉल त्यानं मैदानाच्या भिंतीपलीकडे मारला. दुसरा मात्र बरोबर डाव्या पायावर आला. त्यांचा गोलकीपर हलायच्या आत बॉल जाळीत!

आई माझ्याकडे वळली. "आता खेळला ना तो?"

"खेळला, माय."

मॅच बाकी आम्ही हरलोच. पण गोल झाला तेव्हा त्यांचा कॅप्टन त्या बॅकवर धावून आला. "अबे, तुह्याच बुटानं गोल मारला ना त्यानं आपल्यावर!"

बॅक मोज्यांवर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"पाहिलं ना मी. माह्या पायात होते तं वर्षभर एक नाही मारला त्यांनी!"