दाविदची तिसरी गाडी

दाविदनं बांधलेल्या तिसऱ्या गाडीचं इंजिन माझ्यामुळे जळालं आणि दोष मी त्याच्यावर टाकला. गेल्या महिन्यात शेवगावला तो न्यूमोनियानं गेला. नगरला निरोप आला तेव्हा मी सरदारांच्या गॅरेजात चहा पीत होतो. कप खाली ठेवण्याआधी मनात आलं, आता जाब विचारणारं कोणी उरलं नाही... असं ज्याच्या मनात येतं त्यानं मित्रावर लेख लिहू नये. पण सध्या दाविदवर बोलणाऱ्यांची रीघ लागली आहे, आणि त्यांतल्या एकानंही त्याची गाडी कधी वाकून पाहिलेली नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही एका बाकावर. तो पहिला यायचा, मी त्याच्या कागदात डोकावून पास व्हायचो. नगरला परतल्यावर लढाईची वर्षं त्यानं छावणीच्या वर्कशॉपात काढली, आणि लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या जीपमधून शर्यतीच्या गाड्या बांधायला घेतल्या. पैसा सरदारांचा, जुन्या जहागिरीतला. मी त्यांच्या गॅरेजचा पगारी व्यवस्थापक. सरदारांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना आनंद होईल. आडत दुकानातून उसन्या आणलेल्या काट्यावर दाविद प्रत्येक भाग तोलायचा आणि जड वाटला की त्याला भोकं पाडायचा. गॅरेजात पान खायला जमणारी वकील-मामलेदार मंडळी म्हणायची, "गाडीची चाळणी केली की हो, आता पीठ चाळणार का?" दाविद नम्र वगैरे नव्हता. "रावसाहेब, तुमच्या डोक्यालाही दोनचार पाडून देतो, जरा वारा खेळेल," असं त्यानं मामलेदारांना तोंडावर सुनावलं होतं. सरदारांच्या विलायती मोटारीला तो वरातीचा छकडा म्हणे. त्याची पहिली गाडी शर्यतीत दुसरी आली, दुसरी गाडी पहिली आली. चषकावर नाव सरदारांचं कोरलं गेलं.

तिसरी त्याची सर्वांत देखणी. इंजिन मागं सरकवलं, बैठक जमिनीलगत आणली आणि पुढचं तोंड इतकं अरुंद केलं की रेडिएटरला वारा लागायला ओंजळीएवढी जागा राहिली. तेवढी पुरते, हे त्यानं भर उन्हात गाडी पळवून मला दाखवलं होतं. शर्यत नेमकी दसऱ्याला. आदल्या दिवशी खंडेनवमी म्हणून सरदारांनी गाडीची पूजा केली आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार बरोबर त्या तोंडावर बांधायला लावला. बांधला मी. मैदानावर दाविद म्हणाला, हार काढा, वारा तिथूनच जातो. सरदारांना तो फोटोत हवा होता. दाविदनं पुन्हा सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "तुम्हा ख्रिस्ती लोकांना आमच्या फुलांचं वावडं दिसतं." भोवतालची मंडळीही हसली. जाता जाता दाविद मला हळूच म्हणाला, "तू काढ. तुझं ऐकतील." मी हो म्हणून मान हलवली... आणि काढला नाही. सरदारांची मर्जी जाईल, एवढंच माझं कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

गाडी सरदारांचा ड्रायव्हर हाकत होता; दुसऱ्याच फेरीत वाफ उसळली आणि इंजिन जाम झालं. सगळ्यांदेखत सरदारांनी मला विचारलं, दोष कशाचा. हार अजून जाळीवर शिजत होता. शंभर माणसं तो बघत होती, पण हार सरदारांचा, त्यामुळे कुणाला दिसत नव्हता. मी म्हणालो, "रेडिएटरच लहान काढलाय." दाविदनं माझ्याकडे बघितलं. "तू पास कसा व्हायचास ते विसरलो होतो मी," एवढंच म्हणाला, आणि कोट उचलून चालता झाला.

त्यानंतर त्याला कुणी गाडी बांधायला दिली नाही. माझा शब्द डिप्लोमावाल्याचा, तो पुण्यामुंबईपर्यंत पोचला. शर्यतीच्या गाड्या बांधणारा माणूस शेवगावकडे विहिरींवर ऑइल इंजिनं बसवू लागला. शेतकरी चेष्टा करायचे, "दाविदराव, ह्ये बी शर्यतीला काढायचं हाय व्हय?" तो म्हणायचा, "तुमच्या जावयापेक्षा जोरात पळेल." तिथं तरी लोक त्याच्याबरोबर हसत.

मातीला गेलो तेव्हा त्याच्या बायकोपुढं, मार्थावहिनींपुढं, मी सगळं ओकलो आणि रडलो. त्या शाळेत शिकवतात. पोराला ऐकवावं तसं त्यांनी ऐकवलं, "मला रडून काय दाखवता, भावजी? चार लोकांत खोटं बोलला होतात ना? मग चार लोकांत जाऊन बोला."

नगरला शोकसभा झाली. अध्यक्ष अर्थातच सरदार. "आमचा दाविद" म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला. तो त्यांना हवा तेव्हा दाटतो. मामलेदारांना दाविदची बुद्धी पहिल्या दिवसापासून ओळखू आली होती म्हणे. मी उभा राहिलो. म्हणालो, त्या गाडीत काही दोष नव्हता. हार मी बांधला, सांगूनही काढला नाही, आणि वर खोटं बोललो. सरदार म्हणाले, "बसा, बसा, ही वेळ नव्हे." मी बसलो नाही. मार्थावहिनी बायकांच्या रांगेत शेवटी बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, माझ्या भित्रेपणानं दाविदचं काम गेलं आणि नाव गेलं. मी त्याचा आणि तुमचा गुन्हेगार आहे. मला क्षमा करा."