निवांत रस्त्यावरची घाण

ये गं, अशी जवळ सरक. कागदावरून बोलावतेय म्हणून काय झालं, मावशीने सरक म्हटलं की सरकायचं. आणि आधी बोलणी खा. हॅरोहून मेडनहेडला यायला असा किती वेळ लागतो गं तुला? गेल्या खेपेला आलीस ती डबा दारात ठेवून, चपलाही न काढता परत. वर फोनवर म्हणतेस, "मावशी, तू त्या सुंदर सुंदर कंट्री लेन्समध्ये सायकल चालवायचीस ना, त्यावर लिही की काहीतरी!" सुंदर म्हणे. तू त्या लेन मोटारीतून बघितल्यास. काच वर केली की वास येत नाही बाई.

मी सायकल शिकले ती पन्नाशी उलटल्यावर. गुरांच्या लाळ्या-खुरकुताची साथ संपून शेतांमधल्या वाटा नुकत्याच पुन्हा उघडल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मुलं युनिव्हर्सिटीत गेलेली, घर रिकामं, आणि तुझे काका दिवसभर हॉस्पिटलात लोकांची पोटं उघडायचे. शिकवलं कुणी, तर शेजारणीने. इंग्लिश बाई, नवरा वारलेला, शाळेच्या किचनमध्ये आयुष्य काढून रिटायर झालेली. मागून सीट धरून धावायची बिचारी. माझ्या सलवारीचा पायचा चेनमध्ये अडकला आणि मी धपकन पडले, तर हसली नाही. दुसऱ्या दिवशी पायाला लावायच्या क्लिपा घेऊन दारात उभी. इतकी वर्षं या देशात राहून, आधी फोन न करता माझ्याकडे चहाला येणारी गोरी बाई ती एकटीच. हे नीट ध्यानात ठेव, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यापाशीच येऊन अडते.

दर शनिवारी सकाळी आम्ही निघायचो. गाव संपलं की एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता, दोन्हीकडे हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या, उंच भिंती. चिटपाखरू नाही. लांबून लोक म्हणणार, वा! पण सायकलवर बसलं की तुझं नाक त्या हेजच्या पोटात असतं, आणि त्या पोटात काय काय असायचं ते सांगते. बाळांचे वापरलेले लंगोट, गुंडाळी करून भिरकावलेले. चिप्सचे डबे, आत पांढऱ्या अळ्या वळवळतायत. लेमोनेडच्या बाटल्या, पिवळ्याधमक, झाकण घट्ट लावलेल्या. मी पहिल्यांदा म्हटलं, अगं, कुणीतरी भरलेली बाटली विसरलं! शेजारीण म्हणाली, "हात लावू नकोस डिअर, ते लेमोनेड नाही." शी! लॉरीवाले चालत्या गाडीतच उरकायचे आणि खिडकीतून फेकायचे. आणि कुत्रेवाले तर त्याहून थोर. कुत्र्याची घाण छोट्या पिशवीत भरायची, छान गाठ मारायची आणि हेजच्या फांदीला लटकवून घरी जायचं! दाराला तोरण लावावं तशी ओळीने लटकलेली. उतारावर वाऱ्याने एक माझ्या गालाला लागली.

त्यात शेतकरी शेणाचं पाणी टँकरने शेतावर उडवायचे, ते सगळं अंगावर. रस्त्यात बिजू नावाचं ते जाडं जनावर मरून फुगलेलं. एकदा तर हेजच्या आडोशाला अख्खी गादी. त्या गादीवर काय डाग होते ते मी लिहिणार नाही, तू जेवत असशील.

मी घरी येऊन आधी अंघोळ करायची आणि मग चहा. पण गप्प बसेन ती मी कसली! रस्ताभर माझं चालू, "तुमच्या लोकांना लाज नाही. घरात गालिचे, बाहेर उकिरडा. आमच्याकडे म्हणे घाण!" शेजारीण हातातल्या लांब चिमट्याने एकेक वस्तू उचलून पोत्यात भरायची, आणि म्हणायची, "खरं आहे डिअर, खरं आहे." तिलाही लाज वाटायची गं. मी मात्र बोलून घ्यायची.

त्या लेनला एक ओढा रस्त्यावरूनच आडवा जातो. उन्हाळ्यात घोटाभर पाणी. तिथे आम्ही सायकली टेकवून थर्मासमधला चहा प्यायचो. एका शनिवारी पोचलो तर असा घाणेरडा वास, की मी नाकाला ओढणी लावली. दगडाला अडकून एक पांढरी पिशवी फुगली होती. शेजारणीने चिमट्याने ओढली तशी ती एका अंगाने फाटली. आतून काळी पडलेली केळी आली, शेवंतीचा लगदा, केस सुटलेला नारळ, बुळबुळीत पानं. मग कापसाच्या माळा, लाल लाल झालेल्या.

शेजारीण दोन पावलं मागे गेली. "हे रक्त आहे का गं?"

मी ओढणी बाजूला करून वाकून नीट बघितलं.

"कुणीतरी काळी जादू करतंय इथे," ती म्हणाली. "पोलिसांना कळवावं का?"

जादू कसली डोंबलाची. ते गेजवस्त्र होतं, कुंकू भिजून ओघळलेलं. आमच्या मंडळातली पन्नास घरं सत्यनारायण घालतात, कुणाचंही असू शकलं असतं. पण पिशवीच्या तोंडाला गाठ होती. तुझे काका टाक्यांना मारतात ती गाठ. आमच्या घरी फरसाणाची पिशवीसुद्धा अशी बांधलेली असते की दात लावावे लागतात.

गप्प बसले असते तर तिला जन्मात कळलं नसतं. तिने मुकाट्याने ते पोत्यात भरलं असतं आणि आम्ही चहा प्यायलो असतो. पण ती वाकली होती गं, आमच्या घरची सडलेली केळी उचलायला. मला ते बघवेना.

"थांब," मी म्हटलं. "हे आमच्या घरचं आहे. देवाची फुलं आहेत. रक्त नाही."

ती सरळ उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "मग तूच घेऊन जा," म्हणाली. बाकी काही नाही. थर्मास उघडलाच नाही. येताना ती पुढे, मी मागे, आणि माझ्या कॅरियरवरून ते पाणी मडगार्डवर टप टप.

घरी तुझे काका पेपर वाचत होते. पिशवी मी पेपरवर ठेवली.

"अगं, हे काय!"

"तुम्हीच सांगा, काय ते. मी म्हटलं होतं, बागेत खड्डा करा."

"निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडतात."

"वाहतं? घोटाभर पाण्यात? अहो, थेम्स आहे की गावात!"

तर काय म्हणावं माणसाने? "थेम्सवर लोक बघतात."

ऐकलंस? लोक बघतात! लॉरीवाला, कुत्रेवाला आणि आमचे डॉक्टर, तिघांना एकच निवांत रस्ता सापडला होता.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून त्यांना ओढ्यात उतरवलं. दगडांखालून अजून कायकाय निघालं. दहा जणांची आतडी हाताळून दुपारी पोटभर जेवणारा माणूस, नारळ हातात घेतला आणि हेजमध्ये जाऊन ओकला. मला दया आली नाही.

शेजारीण पुढचे कितीतरी शनिवार आली नाही. कुंपणावरून गुड मॉर्निंग म्हणायची, थंड. मी एकटी जायची, तिच्यासारखा चिमटा विकत घेऊन. तोंड मात्र बंद. अगदी पानगळ लागली तेव्हा एका सकाळी घंटी वाजली. दारात ती, सायकल घेऊन. म्हणाली, "परत गादी टाकलीय कुणीतरी, आणि तीही ओढ्यात. आपल्या दोघींना उचलवणार नाही. तुझ्या नवऱ्याला बोलाव." तुझे काका निमूटपणे बूट शोधायला लागले.

त्या गादीत उंदीर निघाले. ते सगळं लिहिण्यासारखं नाही, समोर बसलीस तरच सांगेन. तेव्हा लवकर ये, आणि या वेळी चपला काढून, पाय पसरून बस. आणि निघण्याआधी तुमच्या घरचं निर्माल्य कुठे जातं, ते तेवढं नवऱ्याला विचारून ये.