माणसासकट बाज

"बसली मी. आता उचला मले."

नाल्याकाठच्या घरात शिरून आपा बाजेवर मांडी ठोकायच्या आणि घरातल्या बायांना हे फर्मान सोडायच्या. तुम्ही आपांना पाहिलं असतं, तर त्या बायांची धास्ती तुम्हालाही कळली असती. देह चांगला भरभक्कम, आणि हातातला पाण्याचा तांब्याही खाली ठेवायच्या नाहीत.

मानोरा तालुक्यात कोणत्या गावाला पुराचा, विजेचा, गारपिटीचा किती धोका आहे, हे पाहायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मी नाला मोजायचो, फोटो काढायचो. आपा घरात जायच्या. चालता न येणारं कोणी दिसलं की विचारायच्या, "पूर आला त इले कोन नेईन?" सगळीकडे उत्तर एकच, बाजेवर उचलून नेऊ. मग त्या माणसाच्या जागी आपा स्वतः बसायच्या. पुरुष मदतीला आले तर त्यांना बाजूला करायच्या. "तुमी दिवसा वावरात असता. पानी काय तुमाले इचारून येते?"

विजेला मात्र आपा स्वतःच भ्यायच्या. लांब कुठे गडगडलं की बोलणं अर्ध्यात टाकून माझ्या आधी गाडीत. वर मलाच रागवायच्या, "झाडाखाली काहून उभा राह्यला? लगन व्हायचं हाये ना तुह्यं?" मी दोन पोरांचा बाप आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

इंझोरीकडच्या एका गावातलं घर मात्र माझ्या मनातून जात नाही. नाला परसाला लागूनच. आत एक म्हातारी, कमरेखालून लुळी. तिने साफ सांगितलं, "मले नोका नेऊ कोनी. पोराईले घेऊन निंगा." सून मान खाली घालून उभी होती.

"मावशी, तू फक्त पाहत राह्य," आपा म्हणाल्या. म्हातारीला भिंतीला टेकवून बसवलं आणि बाजेवर आपा चढल्या. सून, जाऊ, शेजारणी सगळ्यांनी मिळून बाज उचलली, ती दारात अडकली. घरकुलाचं दार अरुंद. उन्हाळ्यात ढेकूण काढायला बाज कडेवर उभी करून अंगणात न्यायचे, म्हणून ती दारातून निघते अशी घरादाराची खात्री. माणसासकट बाज कडेवर उभी होत नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपा अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. "आता पानी गुडघ्यावर आलं समजा," त्या शांतपणे म्हणाल्या. आधी सगळ्या हसल्या. मग सून रडायला लागली.

त्याच दुपारी गोधडीची झोळी करून बायांनी आपांना चढावरच्या शाळेपर्यंत नेलं. धापा टाकत, मध्येच खाली टेकवत, पण नेलं. परत आल्यावर म्हातारीने आपांना खालीवर न्याहाळलं. मग म्हणाली, "मी त हिच्या निम्मीबी नाही." आपा जाम खूश झाल्या.

आपा या उन्हाळ्यात गेल्या. साखरेचा आजार आणि पथ्याशी वैर. आता गावांत मी एकटाच जातो. गाडीत शेजारची काच मी सवयीने खाली करतो आणि मग लक्षात येतं. मला त्यांची फार आठवण येते, दुसरं काय सांगू.

भादव्यात तो नाला चढला. भर दुपारी, पुरुष वावरात असताना. मी पोचलो तेव्हा घरात पाणी शिरलं होतं, आणि म्हातारी शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून चहा पीत होती. ओल्या लुगड्यातली सून शेजारी दुखरे हात चोळत होती, पायाशी झोळीची गोधडी. म्हातारीने माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"ते जाडी कुठी हाये?"

माझ्याने सांगवेना. "मांगून येऊन राह्यल्या," मी म्हणालो.

म्हातारीने कप खाली ठेवला, दोन्ही हातांवर जोर देऊन भिंतीकडे सरकली, आणि सतरंजीवर चांगली दोन माणसांची जागा केली.