काकांच्या हातची सुकेळी

आमच्या काकांना राग येत नसे, आणि याच एका गोष्टीचा मला भयंकर राग येई. माणसाला थोडी तरी चीड हवी! माझ्याकडे ती दोघांना पुरेल एवढी होती.

वसईतली आमची वाडी राजेळी केळींची. पिकलेली केळी सोलायची, मांडवावर चटई टाकून उन्हात वाळवायची, संध्याकाळी टोपलीत भरून झाकायची. आठवडाभर असं केलं की सुकेळी तयार. सोललेल्या केळाला काका नखाचा ओरखडाही लागू देत नसत. "ऊन हातचं नाय, सोलनं हातचं," असं म्हणून पुढचं केळं उचलत. पुढे मी स्टोइक तत्त्वज्ञानावरचं, म्हणजे जे आपल्या हातात नाही त्यासाठी जळू नये असं सांगणारं, एक पुस्तक वाचलं, तेव्हा पानोपानी काकाच दिसायला लागले. काकांनी तसलं पुस्तक कधी उघडलंही नव्हतं.

शेजारच्या वाडीतल्या भास्करने बांधाच्या भांडणावरून आमची घड लागलेली तीस झाडं कोयत्याने आडवी केली. मी तेव्हा वालीवला कारखान्यात लेथवर होतो. खाडा करून घरी आलो आणि थेट कोयता शोधू लागलो. काका तुटक्या खुंटांशेजारच्या कोंबांना माती लावत होते.

"काका, हे त्या भास्कराचंच काम!"

"ठाव हाय."

"मग?"

"त्याचा कोयता माझ्या हातचा नाय. वाईच ती पहार दे."

मी पहार दिली. पण भास्करला सोडायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं.

संधी त्याच वर्षी माघात, माझ्या सुट्टीच्या दिवशी आली. भास्करचं सगळं घर विरारला लग्नाला गेलेलं, त्याची सुकेळी मांडवावर उघडी, आणि भरदुपारी अवकाळी आभाळ दाटून आलं. "तू आपली झाक, मी त्याची झाकतो," म्हणत काका ताडपत्री घेऊन कुंपणाकडे धावले. मी त्यांचा दंड धरला. "भिजू दे त्या हरामखोराची!" ते हात सोडवून गेले आणि मी तिथेच धुमसत उभा राहिलो. भास्करची सुकेळी कोरडी राहिली. आमची सगळी भिजून नासली. सर थांबल्यावर काका ताडपत्री घेऊन परतले. लग्नाहून आलेल्या भास्करला कशाचा पत्ताही लागला नाही.

काकांनी आमच्या चटईकडे पाहिलं. पिकत घातलेला दुसरा घड काढून सोलायला बसले. त्यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारायला हवी होती.

काही वर्षांनी काका गेले. दहाव्याला भास्कर आमच्या ओटीवर बसून म्हणाला, "लय भोळा मानूस. कदी कुनाचा संशय नाय."

याच क्षणाची मी वाट पाहत होतो. "झाडं तू तोडलीस हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," मी म्हणालो. "तरी तू लग्नाला गेलास तेव्हा पावसात तुझी सुकेळी त्यांनीच झाकली. त्यापायी आमची नासली."

भास्करच्या हातातला चहा तसाच राहिला. तो सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडू लागला. मला गोड वाटलं, अगदी पोट भरून गोड वाटलं. पण आमची सुकेळी खरं तर कोणापायी नासली, हे माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.