बोट न शिरणारा स्टोआ

“हेर कुलकर्णी, हे तर कुंपण आहे,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या आणि त्यांनी मॉडेलवरून हात उचलला.

“कुंपण नाही, स्तंभ आहेत. त्यांच्यामागे भिंत, आणि भिंतीवर चित्रं.”

“असतील. माझं बोट तिथवर जात नाही. चित्रं बघायला बोलावता आणि फाटकातूनच परत पाठवता?”

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेतील आमच्या वर्कशॉपमध्ये अंध व्यक्तींना चाचपून पाहता यावीत अशी इमारतींची मॉडेल तयार होतात. या वेळी एका संग्रहालयासाठी प्राचीन अथेन्समधील ‘चित्रांचा स्टोआ’ घडवायचा होता. स्टोआ म्हणजे समोरून खुले, लांबलचक सार्वजनिक दालन. मागे भिंत, पुढे स्तंभांची रांग. लोक तिथे उन्हापावसात थांबत, वाद घालत. या स्टोआची ख्याती मागच्या भिंतीवरील युद्धचित्रांमुळे होती. नेमकी तीच भिंत मी बंद करून ठेवली होती.

फ्राऊ लिंडनर जन्मांध, निवृत्त वकील. आमची मॉडेल त्याच तपासतात. प्रदर्शन सोमवारी उघडणार होते आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या संघटनेचे सभासद येणार होते.

चाचणी मी केली होती; डोळ्यांवर पट्टी बांधून, प्रामाणिकपणे. परंतु पट्टीच्या आत माझे ड्रॉइंग शाबूत होते. बोट जिथे अडले, तिथून पुढची इमारत स्मरणाने पूर्ण केली. मातीचा कच्चा नमुना आधी फ्राऊ लिंडनर यांच्या हाती देण्याची आमची पद्धत आहे. आपल्याला आता समजते, असे मानून मी ती पायरी गाळली. लोक मला नम्र समजतात. तो अहंकारच होता.

त्याच दुपारी संग्रहालयाच्या पुरातत्त्वज्ञ डॉक्टर सायडेल यांना फोन केला.

“स्तंभ काढायचे? अहो, मग उरेल ती शेड!”

“सगळे नाहीत. डावा अर्धा भाग छपरासह तसाच. उजवीकडे छप्पर नाही, स्तंभांचे फक्त बुंधे. हात थेट भिंतीपर्यंत. स्केल बदलत नाही. तुम्ही पुस्तकात इमारतीचा छेद दाखवता, तसंच.”

“आणि भिंतीवर काय कोरणार? चित्रं लाकडी फळ्यांवर होती असं मानतात. एकही उरलेली नाही. कुठल्या लढाया होत्या, एवढंच जुन्या प्रवासवर्णनात आहे. मनानं घोडे काढलेले मला चालणार नाहीत.”

“घोडे नाहीत. नुसत्या चौकटी. आत कोरी जागा, खाली ब्रेलमध्ये लढाईचं नाव.”

“चौकटीसुद्धा अंदाजच. तेही ब्रेलमध्ये लिहा. मग करा.”

माझे बॉस हेर क्राउझे यांनी सांगितले, “मिलिंग मशीन दुसऱ्या कामात अडकलंय. आणि सोमवार हलणार नाही.”

“मशीन नको. हातानं कापतो.”

स्वतः घडवलेले स्तंभ स्वतःच करवतीने उतरवले. वाईट वाटले, पण हात थांबू दिला नाही. मग कानस घेऊन प्रत्येक कड घासली. मॉडेल रेझिनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे; त्याची धार बोटाला लागते. चौकटी वेगळ्या कोरून भिंतीला चिकटवल्या. या वेळी प्रत्येक टप्प्यावर फ्राऊ लिंडनर यांना बोलावले.

“पुन्हा मी? पेन्शन वाढवून मागेन हां,” त्या म्हणत, आणि येत.

शनिवारी त्यांनी डावा हात डाव्या भागावर ठेवला. “कुंपण ओळखीचं आहे.” उजवा हात बुंध्यांवरून आत सरकला, भिंतीला भिडला, चौकटीत शिरला आणि थांबला.

“इथे काहीच नाही.”

“नाही. चित्रं कशी होती, कुणालाच ठाऊक नाही.”

“डॉक्टर सायडेलनासुद्धा?”

“नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” त्या प्रथमच हसल्या. “म्हणजे या भिंतीपुढे आपण सगळे सारखेच. राहू द्या असंच.”

सोमवारी त्यांच्या मंडळींनी त्या कोऱ्या चौकटींपाशीच सर्वाधिक वेळ काढला. तिथे काय असावे, यावर दोघांचे चांगलेच भांडण जुंपले. स्टोआत पूर्वी हेच चालत असे.

डोळे मिटल्याने माणूस अंध होत नाही. ठाऊक असलेलेच अंधारात पुन्हा पाहतो. मातीचा नमुना आता सर्वांआधी फ्राऊ लिंडनर यांच्याकडे जातो. माझी पट्टी मी कानस पुसायला वापरतो.